लिव्हरची सुई

त्या साली पूर ओसरला तो कल्लाप्पाच्या मळीवर वीतभर नवा गाळ टाकून. नदीकाठच्या असल्या गाळाच्या जमिनीला कुरुंदवाडात मळी म्हणतात, आणि मळीतल्या वांग्यापुढं कोल्हापूरच्या बाजारात दुसरं वांगं कुणी हातात धरत नाही. दिवाळीनंतर रोपं लागली, थंडीत झाडं गुडघ्याच्या वर गेली, आणि फळं अशी धरली की फांद्या भुईला टेकल्या. सगळं मनासारखं झालं होतं. फक्त तोडायला चंदना नव्हती.

चंदना म्हणजे कल्लाप्पाची बायको. वांगी तोडावीत तर तिनंच. देठाच्या काट्यांशी तिचं काय साटंलोटं होतं कुणास ठाऊक, दोन्ही हात चालवायची आणि बोटाला ओरखडा नाही. पण श्रावणापासून ती सोप्यात बसून होती. तोंडावरची तकाकी गेली, ओठ पांढरे पडले, जीभ अशी लाल झाली की भाकरीबरोबर चटणीचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. आणि पाय. "पायाबुडी कापूस घातल्यागत वाटतंय," ती म्हणायची. घरी बसायच्या आधी एकदा ती शेतातून एकाच पायात चप्पल घालून आली. दुसरी चिखलात राहिली होती आणि तिला पत्ताच नव्हता. कल्लाप्पा मोठ्यानं हसला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसणं आवरलं.

वैद्याचं भस्म झालं. कल्लाप्पाची थोरली बहीण आक्का, विधवा झाल्यापासून ह्याच घरात होती, तिनं बस्तीत, जैनांच्या देवळात, जाऊन नेमधर्म केले. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणारी, दिवस बुडायच्या आत सगळ्या घराला जेवायला लावणारी बाई ती. तिच्या देवभक्तीला कुणी नाव ठेवलं नसतं, पण चंदनाचे पाय काही वळणावर येईनात. शेवटी कल्लाप्पानं तिला मोटारीत घालून कोल्हापूरला मंगळवार पेठेत डॉक्टर वसंत हेर्लेकरांकडं नेलं.

डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि आपण हुशार आहोत हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चंदनाच्या बोटातून रक्त घेतलं, काचेवर पसरलं, सूक्ष्मदर्शक दुर्बिणीला डोळा लावला. एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटून तिच्या घोट्यावर टेकवला आणि विचारलं, "झिणझिण कळते?"

"कसली झिणझिण?" चंदना म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते कल्लाप्पाकडं वळले. "रक्त तयारच होत नाही यांचं. पायांच्या नसाही धरल्या आहेत. उशीर केलात, पण हातचं गेलेलं नाही. लिव्हर द्यावं लागेल. लिव्हरची इंजेक्शनं."

हे ऐकल्याबरोबर कल्लाप्पाचा चेहरा खुलला. गेल्याच साली त्यानं नदीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं, आणि इंजिन चालू करताना लिव्हरशिवाय काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. लिव्हर उचलून धरायचा, हँडल मारून चाकाला गती द्यायची, आणि लिव्हर सोडला की मेलेलं इंजिन धडधडायला लागतं. बायकोचं इंजिन बंद पडलंय, डॉक्टर आता लिव्हर टाकणार. इतकी सरळ गोष्ट आजवर कुठल्या वैद्यानं त्याला सांगितली नव्हती.

"लिव्हर व्हय? मग कळलं की," तो म्हणाला. "आमच्याकडं बी हाय."

डॉक्टरांचा हात लिहिता लिहिता थांबला. त्यांनी कल्लाप्पाकडं क्षणभर बघितलं, बाहेरच्या गर्दीकडं बघितलं, आणि काही न बोलता सुई भरायला घेतली.

पुढच्या सुया कुरुंदवाडातच द्यायच्या ठरल्या. गावच्या दवाखान्याचे कंपाउंडर गणपतराव दर सोमवारी यायचे, स्टोव्हवर सुई उकळायचे आणि चंदनाच्या दंडात टोचायचे. आणि काय सांगावं, तिसऱ्या सुईनंतर तिनं चटणी मागितली. मग ओठांवर रंग आला. संक्रांतीला ती भिंत न धरता परड्यात गेली आणि त्यानंतर मळीत आली, काठी टेकत का होईना. पायातला कापूस गुडघ्यावरून खाली खाली उतरला आणि घोट्यांपाशी आला. कल्लाप्पाला गाव थोडं पडायला लागलं. पारावर, बस्तीच्या पायरीवर, जिथं चार माणसं भेटतील तिथं तो सांगायचा, "लिव्हरची सुई. येकदा बसली की माणूस धडधडतंच."

उन्हं तापायला लागली आणि इंजिनाचा लिव्हर मोडला. कल्लाप्पा तो पिशवीत घालून कोल्हापूरला निघाला. डॉक्टरांकडून पुढच्या सुयाही आणायच्या होत्या. त्या घेऊन तो शिवाजी पेठेत हंबीरराव मिस्त्रींच्या कारखान्यात बसला. मिस्त्री लोखंड तापवत होते आणि कल्लाप्पाचं तोंड चालू होतं.

"तुमी इंजिनाचा लिव्हर करतासा, आमचा डॉक्टर माणसाचा करतोय. हे बगा." त्यानं पुठ्ठ्याच्या खोक्यातली काचेची कुपी दाखवली. आत काळपट तांबडं पाणी होतं.

मिस्त्रींनी कुपी उजेडात धरली आणि ते पोट धरून हसले. "अवो पावणं, ह्यो लिव्हर न्हवं. ह्ये काळीज हाय, कलेजी. बकऱ्याचं न्हायतर बैलाचं. उकळून त्येचा अर्क काढत्यात. माझ्या भावाला दिलतं की."

कल्लाप्पा हसला नाही. मिस्त्रींनी त्याच्या कपाळावरचं गंध आता कुठं नीट बघितलं. "जैन व्हय तुमी?" ते म्हणाले आणि भट्टीकडं वळले. मोडलेल्या लिव्हरचं काम त्यांनी पुरं केलं.

कल्लाप्पा तिथून तडक मंगळवार पेठेत गेला. बाहेर बाकावर माणसं बसली होती, त्यांना ओलांडून तो आत शिरला आणि खोकं टेबलावर ठेवलं.

"ह्यात काय हाय?"

"तुम्हाला सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "लिव्हर."

"लिव्हर म्हंजे?"

डॉक्टरांनी दाराला कडी घातली. "बसा. यकृत. जनावराचं. तुमची बायको पाटावर बसल्याजागी खंगून मेली असती. आता ती चालतेय. औषधाचं काम एकच असतं कल्लाप्पा, माणूस उभा करणं. तो उभा राहिला की मग त्याचा धर्म, त्याचं शेत, सगळं उभं राहतं."

"उभं करायचं काम तुमचं. पर इचारायचं बी तुमचंच की."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

ते खरं होतं, आणि कल्लाप्पालाही ते ठाऊक होतं. डॉक्टर जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आता तुम्हाला कळलं, तिला कळलेलं नाही. अजून काही महिने चालू द्या. पाप लागायचं असलं तर तुम्हाला आणि मला लागेल. तिला कसलं?"

हे बोलणं कल्लाप्पाला पटलं. वाईट ह्याचंच वाटायला हवं होतं, पण त्या वेळी त्याला आधार वाटला. त्यानं खोकं उचलून पिशवीत घातलं.

सोमवारी गणपतराव आले. चंदनानं नेहमीसारखा पदर सावरून दंड पुढं केला. आक्का उंबऱ्यात बसून डाळीतले किडे निवडत होती, एकेक किडा न चिरडता सुपाच्या काठावरून परड्यात सोडत होती. कल्लाप्पाचं सगळं लक्ष त्या किड्यांकडं होतं. सुई आत गेली, काळपट पाणी संपलं, गणपतराव चहा पिऊन गेले. त्या दिवशी कल्लाप्पाच्या घशाखाली भाकरी उतरली नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धी टाकून तो उठला. तिसऱ्या दिवशी मळीत वांगी तोडताना चंदनानं न बघताच विचारलं, "काय सलतंय तुमास्नी?"

बायकोला फसवायचं त्याला जमत नव्हतं, सवयच नव्हती. त्यानं झाडांच्या सरीत उकिडवं बसून सगळं सांगितलं. इंजिन, मिस्त्री, बकरं, बैल, सगळं.

चंदना थांबली नाही. तिचे हात चालतच राहिले. पाटी भरली तशी तिनं वर बघितलं. "म्हंजे ह्या सोमवारची सुई तुमी ठावं असून दिलासा."

"व्हय."

"डॉक्टर परका माणूस. त्येनं न्हाय सांगितलं." पुढचं ती बोलली नाही. बोलली असती तर कल्लाप्पाला बरं वाटलं असतं. पदरानं हात पुसून ती एवढंच म्हणाली, "उद्याच्या मोटारीनं कोल्हापूर."

घरी आक्काच्या कानावर घातलं तेव्हा आक्कानं हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाली, "न कळत झालंय त्येचं प्रायश्चित्त असतंय. मुनी महाराजास्नी इचारू. कळल्यावरचं ज्येचं त्येनं बगायचं." एवढं कर्मठ माणूस, पण चंदनाला शिवू नको म्हणाली नाही. रात्री नेहमीसारखं तेलाचं बोट तिच्या टाळूवर घातलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना बघितलं आणि ते काय ते समजले. त्यांनी कल्लाप्पाकडं तोंड करून सुरुवात केली, "हे बघा, यांची प्रकृती..."

"हिकडं माझ्याकडं बगून बोला," चंदना म्हणाली. "सुई माझ्या दंडात जातीया."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. आयुष्यात इतक्या बायका त्यांनी तपासल्या होत्या, पण दुखण्याचं बोलणं नेहमी बाजूला उभ्या असलेल्या बाप्याशी झालं होतं. ते जरा गोंधळले.

"तुमी मला जगवलासा," चंदना म्हणाली. "ते मी इसरणार न्हाय. पर मला इचारला का न्हाईसा?"

"विचारलं असतं तर तुम्ही आज इथं बसला नसता."

"असंल. मी काय म्हणलो असतो ते मला बी सांगता यायचं न्हाय. मरायला कुणाला आवडतंय? कदाचित हो बी म्हणलो असतो. तुमी दोघांनी मला ते म्हणूच दिलं न्हाईसा."

डॉक्टर हातातली दौतीची टोपी फिरवत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते न सांगता चाललं असतं, आणि म्हणून कल्लाप्पाच्या मनातून तो माणूस कधी उतरला नाही. "हे त्या दिवशी 'कळलं की' म्हणाले, तेव्हाच मला कळलं होतं की यांना कळलेलं नाही. तुमची नावं, बोलणं, सगळं समोर होतं. मी शब्द उच्चारला आणि सुटलो. वाद नको होता मला. बाहेर गर्दी होती."

भिंतीपलीकडं कुणाचं तरी मूल खोकत होतं.

"दुसरं कायच न्हाय का?" चंदनानं विचारलं.

"आहे. नवीन आहे. परदेशातून मुंबईला येतं. जनावर नाही त्यात. एक प्रकारची बुरशी मोठमोठ्या हंड्यांत वाढवतात, तिच्यातून काढतात."

"बुरशी म्हंजे शिळ्या भाकरीवर येती ती?"

"त्याच जातीतली समजा."

चंदनानं विचार केला. "ती बी जीवच. पर येका इंद्रियाचा जीव. जोंधळा बी तसलाच, भाजी बी तसलीच. तेवढ्यावाचून माणूस जगत न्हाय, म्हणून तेवढं आमास्नी चालतंय. बैलाला पाच इंद्रियं असत्यात. तुमच्या-माझ्यावानी." डॉक्टर ऐकत होते. त्यांच्या पुस्तकांत जीव मोजायची ही रीत नव्हती. "कवा मिळंल?"

"सांगता येत नाही. आणि मधे खाडा पडला तर पाय पुन्हा जातील. नंतर औषध आलं तरी गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. हे मी घाबरवायला सांगत नाही, आहे तसं सांगतोय."

"आता कसं सांगितलासा," चंदना म्हणाली. "मग मी थांबतो."

कल्लाप्पा ताडकन उठला. "अगं, पाय जातील म्हणत्यात ते."

"कुणाचं?"

"हा शुद्ध वेडेपणा आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

"असंल," चंदना म्हणाली आणि पदर खांद्यावरून घेतला.

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले. परत आले तेव्हा आवाज खाली आला होता. "रात्री कंदिलाशिवाय पाऊल टाकायचं नाही. पायाकडं बघून चालायचं. पायाला जखम झाली का ते रोज कुणीतरी बघायचं. आणि मन बदललं तर केव्हाही या. मी एक अक्षर बोलणार नाही." मग त्यांनी टेलिफोन उचलला आणि मुंबईची लाईन मागितली. ती दोघं जिना उतरून रस्त्यावर आली तरी वरून डॉक्टरांचं ओरडणं ऐकू येत होतं, "हॅलो, हॅलो, मुंबई..."

त्यानंतरचे दिवस कल्लाप्पाला कुणी परत जगायला सांगितले असते तर त्यानं हात जोडले असते. वांग्याचा शेवटचा बहर ऐन भरात होता. दिवसभर तो एकटा वाकून तोडायचा, बोटं काट्यांनी सोलून निघायची, आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोचे पाय बघायचे. कापूस पुन्हा चढायला लागला होता. आधी बोटं, मग तळवा, मग घोटा. आक्का तिचा दंड धरून तिला परड्यात न्यायची. चंदना तक्रार करायची नाही, आणि त्याचाच त्याला राग यायचा. रडली असती, चुकलं म्हणाली असती, तर तो धावत गेला असता.

सुयांचं खोकं फळीवर तसंच होतं. आत दोन कुप्या राहिल्या होत्या. एका दुपारी त्यानं खोकं धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि दवाखान्याची वाट धरली. गणपतरावांना सांगायचं, मुंबईचं औषध आलंय, कुपी मात्र तिला दाखवू नका. एवढंच करायचं होतं. कुणाला कळणार होतं? ती उभी राहिली असती. दवाखान्याच्या पायरीपर्यंत तो गेला. आतून गणपतरावांनी हाक मारली, "या की कल्लाप्पा, काय काम काढलंसा?" आणि त्यानं खोकं सोग्यात आणखी आत सारलं. तो वळला आणि उन्हातून घरी आला. अंगाला दरदरून घाम सुटला होता.

चंदना भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. त्यानं खोकं तिच्यापुढं ठेवलं. "ह्ये घिऊन दवाखान्यात गेलतो. नवं औषध म्हणून द्यायला लावणार हुतो."

तिनं खोक्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. कल्लाप्पानं मान खाली घातली.

"परत आलासा न्हवं?" ती म्हणाली. "मग हातपाय धुवा. भाकरी खावा."

त्या दिवशी तो पोटभर जेवला.

औषध आलं ते घेऊन डॉक्टर स्वतःच आले. दुपारच्या मोटारीनं, टोपीवर धूळ, हातात कातडी बॅग. सोप्यात घोंगडं टाकलं होतं त्यावर बसले आणि कुपी चंदनाच्या हातात दिली. पाणी कुंकवासारखं लालभडक होतं.

"लाल का?" तिनं विचारलं.

"रक्त नाही. रंगच तसा आहे. कुठल्या मातीतली बुरशी, ते मलाही माहीत नाही. हंड्यात वाढवताना तिला काय खायला घालतात हे मी मुंबईला विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. मला कळलेलं एवढंच. आणि गुण येईल, पण किती येईल ते सांगत नाही." ते एका दमात बोलले आणि थांबले. सुई अजून त्यांनी बॅगेतून काढली नव्हती. "द्यायची?"

आक्का उंबऱ्यात, कल्लाप्पा खांबापाशी. चंदनानं त्या दोघांपैकी कुणाकडंच बघितलं नाही. तिनं कुपी उन्हात धरून फिरवून बघितली, मनाशी काहीतरी म्हटलं आणि परत दिली. "द्या," ती म्हणाली.

गुण आला. पहिल्यापेक्षा सावकाश आला, पण आला. पाऊस लागला तेव्हा ती काठीशिवाय चालत होती, आणि पुढच्या हंगामात मळीतल्या वांग्यांशी तिचं साटंलोटं पहिल्यासारखं सुरू झालं. फक्त डाव्या पायाच्या बोटांत जाणीव आली नाही. खाडा पडला नसता तर आली असती का, असं कल्लाप्पानं डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, आली असती, बहुतेक. नक्की नाही.

एकदा माघात दोघं मळीत होती. सकाळचं दव पडलं होतं, गाळ चिकट होता. चंदना पुढं तोडत चालली होती आणि मागून कल्लाप्पाला तिच्या पावलात रक्त दिसलं. दर पावलाला थोडं. बाभळीचा काटा डाव्या पायाच्या बोटात आरपार गेला होता आणि बाई वांगी तोडत होती. त्यानं तिला बांधावर बसवलं, पाय मांडीवर घेतला, दातांनी काटा ओढून काढला. तिचा चेहरा जराही हलला नाही. ते बघून वर्षभर दाबून ठेवलेलं त्याच्या तोंडातून निघून गेलं.

"तवा त्या सुया घेतल्या असत्यास तर ही बोटं गेली नसती."

चंदनानं आपला पाय त्याच्या मांडीवरून काढून घेतला. रक्तावर चिमूटभर माती दाबली. रागावली असावी असं त्याला वाटलं, पण ती रागावली नव्हती.

"गेली न्हाईत ती," ती म्हणाली. "मी दिल्यात."

मग ती उठली, चुंबळ डोक्यावर बसवली, आणि म्हणाली, "हात लावा पाटीला. बाजार गाठायचा हाय."